प्रश्नोत्तरे : जनुकांची नावे पाठ करण्यापूर्वी

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. रेणवीय जीवशास्त्र, पेशीजीवशास्त्र आणि विकासजीवशास्त्र हे तीनही विषय एकाच सत्रात आहेत. जनुके आणि प्रथिने यांची नावे पाठ करण्यातच सारा वेळ जातो आणि परीक्षेनंतर काहीच लक्षात राहत नाही. अभ्यास कसा करावा?

उत्तर : हे तीन विषय वेगवेगळ्या वह्यांत ठेवू नका. एखादी घटना निवडा आणि तिचा माग तीनही पातळ्यांवर काढा. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी घ्या. त्याच्या उभयलिंगी प्राण्याच्या वाढीत १०९० कायिक (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या इतर) पेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ पेशी मरतात. विशेष म्हणजे प्रत्येक प्राण्यात त्याच पेशी, ठरलेल्या वेळी मरतात. जॉन सल्स्टन यांनी जिवंत भ्रूणातील पेशींचे विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळून ही वंशावळ मांडली, तो विकासजीवशास्त्राचा भाग झाला. मरणारी पेशी कशी आकसते आणि शेजारची पेशी तिला कशी गिळते, हे पेशीजीवशास्त्र. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत सेड-३ हे जनुक निकामी झालेल्या कृमींमध्ये या पेशी जिवंत राहिल्या, आणि त्या जनुकाचे प्रथिन मानवी पेशींतील एका प्रथिनछेदक (म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या) विकराशी (एन्झाइमशी) मिळतेजुळते असल्याचे १९९३ मध्ये दिसून आले, तेव्हा रेणूपर्यंतचा दुवा जुळला. इतके समजल्यावर सेड-३ हे नाव पाठ करावे लागत नाही.

प्रत्येक प्रयोगाविषयी हा प्रश्न अवश्य विचारा : एखादी गोष्ट आवश्यक आहे एवढेच त्यातून सिद्ध झाले, की ती पुरेशी आहे हेही? जनुक काढून टाकल्याने केवळ आवश्यकता कळते. हिल्डे मान्गोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूट या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या एका भ्रूणातील छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला, तेव्हा तेथे दुसरा शरीराक्ष, म्हणजे डोके ते शेपटी असा शरीराचा मुख्य आराखडा, तयार झाला. दाता आणि यजमान वेगळ्या रंगांच्या जातींचे असल्याने नव्या अक्षातील बऱ्याच पेशी यजमानाच्याच आहेत, हे ओळखता आले; म्हणजे तो तुकडा शेजारच्या पेशींचे भवितव्य बदलत होता आणि दुसरा अक्ष घडवायला तो पुरेसा होता. माझ्या मते हा प्रयोग बारकाईने समजून घेणे पाठ्यपुस्तकाच्या एका प्रकरणाहून अधिक शिकवून जाते.

संख्याशास्त्र टाळू नका आणि संधी मिळताच प्रयोगशाळेत काम सुरू करा. तुलनेसाठीचा नियंत्रित नमुना कशासाठी ठेवतात, हे स्वतः प्रयोग मांडताना जितके नीट कळते तितके वाचून कळत नाही.