फुलं येत होती, मग अडलं कुठे?

प्रश्न: कॅफे मॅरॉन नावाच्या झुडपाबद्दल वाचलं, जगात एकच उरलं होतं म्हणे. पण कटिंग लावून नवीन झाड करता येतं ना? मग त्याला वाचवायला इतकी वर्षं का लागली?

उत्तर: कटिंग लागली की झाड वाचलं असं आपण धरून चालतो, इथे नेमकं तेच चाललं नाही. हे झुडूप हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटाचं, मॉरिशसच्या ताब्यातलं हे बेट, आणि झुडूप कॉफीच्या कुळातलं, पांढरी चांदणीसारखी फुलं येतात. संपलं असंच सगळे समजून होते, तर 1980 च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकांनी वर्गात दुर्मिळ झाडांची चित्रं दाखवली आणि एक पोरगा म्हणाला हे तर आमच्याकडे आहे! खरंच निघालं. पण बातमी पसरल्यावर लोकच फांद्या तोडायला लागले, कारण हँगओव्हर आणि गुप्तरोगावरचं औषध म्हणून त्याची तिथे ख्याती, शेवटी कुंपण घालावं लागलं.

1986 मध्ये कटिंग विमानाने लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाला गेली. तिथे मूळ धरलं, वाढलं, भरभरून फुललंसुद्धा, पण बी काही धरेना. आणि बी नाही तर काय, कितीही कटिंग लावा, सगळी त्या एकाच झाडाची कॉपी. एक रोग आला की सगळी एकदमच जायची, शिवाय बेटावर आपणहून रोपं उगवणार कशी?

पराग बरा होता, पण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग धरणाऱ्या टोकावर टाकला की पुढे सरकतच नव्हता. मग क्यूचे उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्डलेना यांनी काय केलं तर कुक्षीचं टोकच कापलं आणि पराग थेट त्या जखमेवर लावला, कित्येक फुलांवर करून बघितलं आणि 2003 मध्ये कुठे एक फळ धरलं. मला विचाराल तर झाड सापडल्यापेक्षा हीच खरी कमाल. पुढे बियांपासून रोपं झाली, रॉड्रिग्जलाही परत गेली.

जाता जाता एक, कोवळ्या रोपाची पानं लांब, अरुंद, तपकिरी असतात, मोठ्या झाडाची मात्र हिरवी आणि रुंद, बघून एकच झाड वाटणार नाही. अभ्यासकांचा अंदाज असा की बेटावरच्या महाकाय कासवांनी खाऊ नये म्हणून हे सोंग. ती कासवं केव्हाच संपली, आणि माणसांनी आणलेल्या शेळ्यांपुढे कुठलं सोंग टिकतंय!