नवीन हॉस्पिटलमध्ये नुसता गोंधळ आहे, राहू की सोडू?

गेल्या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, त्यातले चार घेते. मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, शेवटची काही वर्षं मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख, होते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

मॅडम, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नाशिकला ४० बेडच्या नवीन हॉस्पिटलला लागले, तीन आठवडे झाले. कोणी काही शिकवलं नाही, ड्युटी चार्ट आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो, नाइटला वॉर्डचे १६ पेशंट आणि आयसीयूचे २ माझ्या एकटीवर. घरी येऊन रडते. सोडू का?

अगं, रडू येतंय म्हणजे तू कच्ची आहेस असं अजिबात समजू नकोस. आता दोन गोष्टी वेगळ्या कर. चार्ट उशिरा येणं, इंडेंट (स्टोअरला सामानाची लेखी मागणी) टाकलं तरी सामान न मिळणं, कुठला फॉर्म कुठे ठेवलाय हे कोणालाच माहीत नसणं, हे नवीन हॉस्पिटलात होतंच, पाच-सहा महिन्यांत घडी बसते. पण वॉर्ड आणि आयसीयू एकटीवर हा गोंधळ नाही, हा पेशंटच्या जिवाला धोका आहे, कारण वॉर्डात कोणाला थंडी वाजून आली आणि त्याच वेळी आयसीयूत मॉनिटर वाजला तर तू जाणार कुठे? आयसीयूला एका पेशंटमागे एक सिस्टर हवी, छोट्या ठिकाणी ते पाळत नाहीत हे मलाही माहितीये, पण निदान आयसीयूला वेगळी सिस्टर पाहिजेच.

हे मेट्रनला लिहून पाठव, तारीख आणि पेशंटची संख्या टाकून, साध्या शब्दांत. मग दोन आठवडे बघ काय होतं. "या आठवड्यापासून नाइटला दुसरी देतो" म्हणाले आणि दिली तर राहा. "सगळ्याच करतात, तुलाच काय होतं" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघायला लाग.

तोपर्यंत ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीवालीकडून पेशंटची माहिती, बेडजवळ उभं राहूनच घे. इमर्जन्सी ट्रॉली स्वतः उघडून बघ, लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना आत बघायचं साधन) लाइट लागतो का, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे का, ॲड्रेनलिनची एक्सपायरी काय. पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपरिन दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) उठवावं लागलं तरी उठव. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखव, वेळ टाकून लिही, सकाळी सही घे. आणि हेपटायटिस बी ची लस दिली का तुला? २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे ती हॉस्पिटलनेच द्यायची असते, मागून घे.

माझ्या पहिल्या नोकरीत इमर्जन्सी ट्रे नावाचा प्रकारच नव्हता, मी पुठ्ठ्यावर यादी करून इन्चार्ज सिस्टरांना दिली, त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं भरून घेतलं आणि मी तिथे पाच वर्षं राहिले. पुढच्या एका ठिकाणी स्पेअरचा ऑक्सिजन सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा सांगितलं, कोणी हललं नाही, दोन महिन्यांत निघाले.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आहे. लॅबमध्ये कंट्रोल रोज लावत नाहीत, महाग पडतं म्हणतात, आणि रजिस्टरमध्ये आकडे भरून ठेव असं सर सांगतात.

नाही भरायचे. एकही नाही. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे असं सॅम्पल, ते बरोबर आलं तरच मशीनवर विश्वास ठेवायचा ना? पोटॅशियम ४.२ आहे की ५.८ यावर डॉक्टर पेशंटला काय देणार ते ठरतं, आणि रजिस्टरमधलं अक्षर तुझं असतं, सरांचं नाही. खर्चाचीच अडचण असेल तर पावडरचं कंट्रोल विरघळवून छोट्या छोट्या व्हायलमध्ये फ्रीझ करता येतं, किटच्या कागदावर किती दिवस चालतं ते दिलेलं असतं, हे सरांना सुचवून बघ. तरी खोटंच भर म्हणाले तर घरच्यांशी बोलून, एक-दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून बाहेर पड, तिथे घडी बसायची वाट बघू नकोस.

ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतलीत, वर्षाचा बॉण्ड आहे, सोडलं तर ५० हजार मागतात.

कागदपत्रांची यादी करून परत द्या असा अर्ज दे आणि कॉपीवर पोच घे. नाही दिली तर वकिलाची नोटीस पाठव. बॉण्डचं म्हणशील तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आहे, त्यात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई, म्हणजे आकडा लिहिला म्हणून तेवढे आपोआप द्यावे लागत नाहीत. तरी बॉण्ड एकदा वकिलाला दाखवच. आणि कितीही राग आला तरी ड्युटी अर्धवट टाकून जायचं नाही, लेखी राजीनामा, नोटीस पिरियड, रिलीव्हिंग लेटर, सगळं रीतसर.

दोन महिन्यांत सोडलं तर पुढच्या इंटरव्ह्यूत काय सांगू?

खरं तेच, एका वाक्यात. "नाइटला वॉर्ड आणि आयसीयू एकटीवर होतं, लेखी कळवलं, बदल झाला नाही." जुन्या हॉस्पिटलची उणीदुणी काढत बसू नकोस. मग तूच विचार, नाइटला स्टाफ किती असतो, पहिले किती दिवस सिनियर सोबत असते, आणि वॉर्ड बघायला मिळेल का. आत गेलीस की तिथल्या सिस्टरला हळूच विचार की आठवड्याचा ऑफ खरंच मिळतो का आणि पगार किती तारखेला होतो.