सुटली की सुटले?

"मॅडम, माझा विश्वास कमी पडतोय का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे अनेक रूपांत येतो. कुणाचं पोथीत लक्ष लागत नाही, कुणाला नमाजाला बसलं की रडू फुटतं, कुणाच्या हातातली जपमाळ मध्येच थांबते. विचारायचं असतं ते एवढंच, की देवाचं सगळं नीट करूनही मन काळवंडलेलंच राहत असेल तर खोट आपल्या श्रद्धेत आहे का? आणि गोळ्या सुरू केल्या तर ती खोट कबूल केल्यासारखं होतं का? उत्तर "नाही" असं आहे. पण त्या "नाही"नं कुणाचं समाधान झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून एका बाईंविषयी सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

नेवासे तालुक्यातलं कुटुंब. मुळा उजव्या कालव्याखाली साडेचार एकर, त्यात दोन एकर ऊस, बाकी कांदा-गहू. गोठ्यात पाच संकरित गायी. मुलगा संभाजीनगरला डिप्लोमा करतो, मुलगी दहावीला. घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, पुढे त्या काळात आसपासच्या गावांतून जी कुटुंबं ख्रिस्ती झाली त्यांतलं हे एक. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना, बुधवारी महिला मंडळ, पहाटे धारा काढायच्या आधी घरात प्रार्थना.

ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी उरकल्यावर नवरा त्यांना घेऊन आला. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. जिना चढताना त्या माझ्या मागेच होत्या. खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून डेअरीची एक जुनी वही काढून टेबलावर ठेवली. पुढच्या पानांवर लिटर, फॅट आणि रक्कम. वही उलटी धरली की मागच्या बाजूनं प्रार्थनेची यादी सुरू होत होती. शेजारच्या पोराची नोकरी, तांबड्या गायीचं वेत, पाळकसाहेबांची म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची शुगर, मुलीचं गणित. आणि प्रत्येक पानावर सगळ्यात वर "आई", म्हणजे सासूबाई. फेब्रुवारीतल्या एका पानावर "आई" या शब्दावर आडवी रेघ होती. पुढची पानं कोरी.

"तेव्हापासून येतच नाही," त्या म्हणाल्या. "डोळे मिटते, हात जोडते, पण शब्दच येत नाही. हे देवाला कळत असंल ना?"

सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. तीन वर्षं अंथरुणावर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. रात्री अकरा, एक, तीन, आणि पाचला गायी. मी हिशेब मांडत होते आणि त्या तो अगदी सहज सांगत होत्या, दुधाचा सांगावा तसा. पाठीला एकही जखम झाली नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि तो असायलाच हवा.

आता रात्री तीनला जाग येते ती येतेच. आठ महिन्यांत सहा किलो वजन उतरलेलं. जेवण म्हणजे उरलंसुरलं. महिला मंडळात गाणं त्या सुरू करून द्यायच्या, आता ओठ नुसते हलतात. मी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" हे विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. उलट बहुतेकांना हायसं वाटतं. त्या म्हणाल्या, "ते पाप मी करणार नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं." बाहेर बसलेल्या नवऱ्याशी त्यांच्यासमोरच बोलले. घरातली कीटकनाशकं आणि तणनाशकं त्याच संध्याकाळी कुलपात गेली, किल्ली नवऱ्याकडे. शेतकऱ्याच्या घरात मी हे पहिल्या दिवशीच सांगते, कारण तो डबा हाताशी असणं हाच मोठा धोका असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही लिहून दिला. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.

दुसऱ्या भेटीपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ८.४, बाईचं किमान १२ तरी हवं. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. फिजिशियननं लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. उदास माणसाचं रक्त न तपासता त्याच्या भूतकाळात शिरणारे समुपदेशक मला फारसे आवडत नाहीत.

पण त्याच भेटीत मीही चूक केली. त्या इतक्या थकलेल्या दिसत होत्या की मी म्हणाले, "ताई, थोडे दिवस मंडळीतली कामं बंद ठेवा. रविवारीसुद्धा नाही गेलात तर चालेल." त्यांनी मान डोलावली, उठल्या, आणि पाच आठवडे आल्या नाहीत.

डिसेंबरात आल्या तेव्हा कारण सांगितलं, तेही मला वाईट वाटणार नाही अशा बेतानं. "मॅडम, रविवारी दहा ते बारा मी बाकाला पाठ टेकून बसते. त्या दोन तासांत मला कुणी चहा मागत नाही." आठवड्यातली त्यांची एकुलती एक सुट्टी मी कापायला निघाले होते. माझी आजी कीर्तनाला जायची ती निम्मी याच कारणासाठी. मला हे कळायला हवं होतं.

त्या दिवशी मी गप्प बसून ऐकायचं ठरवलं. त्यांनी दफनाचा दिवस सांगितला. म्हातारीला माती दिली, माणसं पांगली. जो तो म्हणत होता, "सुटली बिचारी." त्या रात्री त्या आडव्या झाल्या आणि सलग नऊ तास झोपल्या. गायींच्या धारा शेजारणीनं काढल्या. जाग आली तेव्हा ऊन घरात आलं होतं, आणि मनात पहिला शब्द उमटला तो "सुटले."

"सगळे म्हणले सुटली. माझ्या मनात आलं सुटले. देवानं ते ऐकलं."

यानंतरचं आणखी अवघड होतं. स्मरणाच्या प्रार्थनेत नवऱ्यानं उभं राहून साक्ष दिली आणि बायकोला "आपल्या मंडळीची रूथ" म्हटलं. रूथ ही बायबलमधली विधवा सून. नवरा गेल्यावरही ती माहेरी परतली नाही. सासू नामीबरोबर बेथलेहेमला आली आणि लोकांच्या शेतात सरवा वेचून तिनं सासूला जगवलं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. या बाई खाली मान घालून बसल्या होत्या, ओठांवर तो शब्द तसाच. त्या रविवारपासून प्रार्थना बंद.

मी माहिती दिली. वर्षानुवर्षं आजाऱ्याचं करणाऱ्या माणसाला मृत्यूनंतर सुटका वाटणं फार आढळतं. दुःख आणि सुटका एकाच वेळी येतात आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत. "सुटले" हे तुमच्या मनाआधी तुमच्या पाठीनं म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पटलं नाही. खरं सांगायचं तर माझी ही वाक्यं बऱ्याच जणांना पटत नाहीत.

रक्ताच्या गोळ्यांनी चक्कर थांबली, तरी झोप आणि भूक हलली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांनी उदासीनतेची गोळी लिहून दिली. चिठ्ठी तशीच पिशवीत राहिली. महिला मंडळातली एक बहीण म्हणाली होती, "प्रभूवर भाव असल्यावर मनाची गोळी कशाला?" मी विचारलं, "गायीची कास सुजली तर प्रार्थना करता की डॉक्टर बोलावता?" त्या हसल्या. "दोन्ही. डॉक्टर येईपर्यंत प्रार्थना."

त्यांना विचारून मी पाळकसाहेबांना फोन केला. असा फोन करताना धाकधूक असते. कधी पलीकडून उपदेश येतो. इथे ते म्हणाले, "मी रोज शुगरची गोळी घेऊन वेदीपुढे उभा राहतो, त्यांना सांगा. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता." मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, हेही त्यांनी ऐकवलं. ज्या धर्मानं आपल्याकडे इतके दवाखाने काढले त्याच्या लोकांना गोळीची लाज वाटावी, हे त्यांना खटकत होतं. गोळी सुरू झाली. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नसते, हे मी दोन-दोनदा सांगितलं.

जानेवारीत नवऱ्याला एकट्याला बोलावलं. तो खूप वेळ टोपी हातात फिरवत होता. मग म्हणाला, "आईचं अंग पुसायची मला लाज वाटायची. तीन वर्षांत एकदाही रात्री उठलो नाही. म्हणून सगळ्यांपुढं हिचं नाव घेतलं." ती साक्ष म्हणजे त्याची कर्जफेड होती, आणि ओझं बायकोच्या डोक्यावर पडलं. हे त्यानं घरी जाऊन तिला सांगितलं, मी सांगायला लावलं नाही. त्या आठवड्यापासून संध्याकाळच्या धारा तो काढतो. तीन गायी त्याला पान्हा देत नाहीत, लाथ मारतात, पण ती वेगळी गोष्ट.

गाठ सुटली ती मात्र माझ्यामुळे नाही. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. गोठ्यात जायची वेळ होईपर्यंत त्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी सासूच्या बाजूनं. पुढच्या भेटीला आल्या त्या बसायच्या आधीच बोलू लागल्या. "मॅडम, नामी गावात परत येते ना, तर बायांना म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. देवानं माझं फार वाईट केलं, असं भर रस्त्यात म्हणते. आणि तिला कुणी काही बोललं नाही. देवपण नाही बोलला." थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्यात सगळे रूथवरच उपदेश करतात."

त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर वही उघडली आणि कोऱ्या पानावर लिहिलं, "प्रभू, मी दमले." अक्षर वेडंवाकडं, खाली तारीख. प्रार्थना म्हणून हे चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी ख्रिस्ती नाही, पण पाळकसाहेबांकडून एक गोष्ट शिकले होते ती सांगितली. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आभार नाहीत, आनंद नाही, तरी ते स्तोत्रांतच आहे. त्यांनी त्याचा नंबर समासात टिपून घेतला.

फेब्रुवारीत वर्षाच्या स्मरणाला साक्ष द्यायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या नाहीत. मुलीनं शास्त्रपाठ वाचला.

परवा येऊन गेल्या. वजन चार किलो वाढलंय. तीनला अजून कधीकधी जाग येते, मग कूस बदलून झोपतात, स्वतःची. गोळी चालू आहे, डॉक्टर दिवाळीनंतर कमी करायचं बघू म्हणालेत. वही नवी होती, डेअरीनं यंदा निळ्या रंगाची दिली आहे. मागून उघडून दाखवली. तांबडी गाय, मुलीचा अकरावीचा प्रवेश, पाळकसाहेबांची शुगर. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं, "मॅडमचा गुडघा." मी जिन्यात कठडा धरून चढते ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.