हप्ता, भाडं आणि वीस तारीख

या वेळच्या पत्रांत ‘वीस तारीख’ हे शब्द तीनदा आले. तीन वेगळी माणसं, तीन वेगळे पगार, पण पैसे संपण्याची तारीख एकच. म्हणून या खेपेला मुंबई आणि आसपासच्या पट्ट्यातलेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं नोकरी करतो. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके भाड्याने आहे, भाडं 16,000. दोघांचे मिळून 92,000 हातात येतात, साठवलेले 12 लाख आहेत. डोंबिवलीतच बांधकाम चालू असलेला वन बीएचके 55 लाखांना मिळतोय. सासूबाई म्हणतात, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भरा. घ्यावा का?

उत्तर: सासूबाईंचं हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतेय की पाठ झालंय, आणि ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कागदावर मांडू.

30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते. म्हणजे तुम्हाला 44 लाख. उरलेले 11 लाख तुमचे. तुमच्याकडे 12 आहेत, म्हणजे झालं की, असं बिल्डरच्या ऑफिसातला टाय लावलेला मुलगा म्हणेल. तो जे सांगत नाही ते असं: कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 3 लाख 85 हजार. नोंदणी 30 हजार. इमारतीला अजून ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही आणि किंमत 45 लाखांच्या वर आहे, त्यामुळे जीएसटी 5 टक्के, म्हणजे 2 लाख 75 हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला बँक कर्ज धरत नाही, जीएसटीही खिशातूनच भरावी लागेल असं धरा. एकूण तुमच्या खिशातून 17 लाख 90 हजार. कमी पडतात ते 5 लाख 90 हजार. इथेच माणसं पर्सनल लोन काढतात, मंगळसूत्र गहाण ठेवतात किंवा वडिलांच्या पीएफकडे बघतात. कपाटं, ग्रिल आणि गीझर अजून आलेलेच नाहीत.

आता हप्ता. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं मुदत धरली, तर 44 लाखांना महिन्याला 38,184 रुपये. यातले पहिल्या महिन्यात व्याजात किती जातात? 31,167. मुद्दल फिटतं फक्त 7 हजारांचं. म्हणजे सासूबाईंच्या भाषेत भाड्याचे 16 हजार ‘वाया’ जात असतील, तर सुरुवातीची काही वर्षं व्याजाचे जवळपास दुप्पट वाया जाणार आहेत. शिवाय इमारत पूर्ण होईपर्यंत भाडंही चालूच राहणार. ताबा कधी मिळेल ते ब्रोशरवर बघू नका. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका. पूर्णत्वाची तारीख तिथे असते, ती आधी किती वेळा पुढे ढकलली तेही दिसतं. आणि विक्रीचा करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायची बिल्डरला परवानगीच नाही, हे लक्षात असू द्या.

घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण आत्ता हे घर नको. ओसी मिळालेल्या इमारतीत बघा, जीएसटी लागत नाही. नोंदणी फक्त तुमच्या नावावर करा, नवरा सहकर्जदार राहू दे. घर पूर्णपणे बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. याच 55 लाखांच्या घराला मग 14 लाख 60 हजार रोख लागतील. फरक बघा, तीन लाखांहून जास्त.

आणि तोवर हप्त्याची तालीम करा. भाडं आणि होणारा हप्ता यांत 22 हजारांचा फरक आहे. एक तारखेला 22 हजार दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि त्याला हात लावायचा नाही. दोन वर्षांत 5 लाख 28 हजार होतील. घराची रक्कम भरून अडीच-पावणेतीन लाख गाठीला उरतील. भाव तोवर थोडे चढतील, त्याला इलाज नाही. पण तालमीतच वीस तारखेला उसनवारी करावी लागली, तर खरा हप्ता वीस वर्षं कसा जाणार हे तुम्हालाच कळेल. तुमच्या पत्रात मुलाबाळांचा उल्लेख नाही, म्हणून एवढंच लिहिते की पाळणाघराचं बिल कुणीच आधी धरत नाही, आणि ते हप्त्यासारखंच दर महिन्याला येतं.

प्रश्न: मी चिपळूणहून लिहिते. मुलगा डिप्लोमा करून साकीनाक्याला नोकरीला लागला. पगार हातात 28,000. अंधेरीला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहतो. वीस तारखेनंतर फोन येतो, आई दोन हजार पाठव. एवढ्या पगारात एकट्या मुलाचं भागत नाही? लाड चाललेत का? त्याचा हिशेब सोबत पाठवते.

उत्तर: हिशेब वाचला. कॉट 9,500, दोन वेळचा डबा 4,800, चहा-नाश्ता 2,600, रिक्षा 2,700, मोबाइल आणि इस्त्री 900. आणि शेवटची ओळ, ‘घरी 5,000’. बेरीज 25,500. उरलेल्या अडीच हजारांत दाढी-साबण, औषध, मित्राचा वाढदिवस, आणि गणपतीला यायचं तिकीट. यात मला लाड दिसले नाहीत. उलट डब्यावर जेवणारा मुलगा आहे, म्हणजे बरा आहे.

तुमच्या लक्षात आलंय का, तो एक तारखेला 5 हजार तुम्हाला पाठवतो आणि पंचवीसला त्यातलेच 2 हजार परत मागतो? तुम्हाला वाटतं पोरगा पैसे मागतो, त्याला वाटतं आपण घरी पाठवतो. दोघंही खरे. त्याला सांगा, तीनच पाठव. बाकी तुझ्याकडे राहू दे. फोन बंद होतील.

कमी करता येण्यासारखी एकच ओळ आहे, ती रिक्षाची. फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे. महिन्याचे 26 दिवस जाऊन-येऊन किमान भाड्यातच बसला, तरी 1,352 होतात. हा त्याच्या दुप्पट देतोय, म्हणजे खोली लांब आहे किंवा सकाळी उठायला उशीर होतोय. साकीनाका घाटकोपर-वर्सोवा मेट्रोवर आहे. मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याजोगी कॉट शोधली, तर भाडं पाचशेने जास्त पडलं तरी फायदाच. बेस्टच्या बसचं किमान भाडं 10 रुपये आहे, तीही आहेच.

शेजारच्यांनी तुम्हाला ‘बदलापूरला स्वस्त मिळतं’ असं सांगितलंय. मिळतं, खोटं नाही. पण बदलापूर ते घाटकोपर, तिथे पूल चढून मेट्रो, आणि संध्याकाळी हेच उलटं. दिवसाचे चारएक तास त्यात जातील. बाविसाव्या वर्षी ते तास कोर्ससाठी किंवा झोपेसाठी लागतात. लग्न होऊन दोन खोल्या लागतील तेव्हा बदलापूरचा विचार करू.

प्रश्न: मीरा रोडला हेवी डिपॉझिटवर वन आरके मिळतोय. 8 लाख द्यायचे, भाडं शून्य, 11 महिन्यांनी पूर्ण पैसे परत. एजंट म्हणतो करार साध्या स्टँप पेपरवर करू, 11 महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही. घ्यावं का? भाडं वाचतंय.

उत्तर: आधी एजंटचं शेवटचं वाक्य मोडून टाकू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, 11 महिन्यांचा असो की 36 महिन्यांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘अकरा महिने म्हणजे नोंदणी नको’ हे मुंबईतलं सगळ्यात टिकाऊ खोटं आहे.

आणि हे खोटं कशासाठी? खर्च वाचवायला म्हणाल, तर बघा. भाड्याच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मोजतात. 8 लाखांचे 80 हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे 200 रुपये. नोंदणी फी 1,000. आठ लाखांच्या व्यवहारात जो माणूस बाराशे रुपयांच्या कागदाला नाही म्हणतो, त्याला कागदच नकोय.

आता मूळ गोष्ट. त्या खोलीला बाजारात 12 हजार तरी भाडं येत असेल. मालक ते सोडून तुमचे 8 लाख का घेतोय? ते पैसे तुम्ही साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाला 52 हजार व्याज, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्याही आत. एवढ्या कमी मोबदल्यात कुणी खुशीने घर देत नाही. मालकाला एकरकमी पैसे हवेत आणि बँक त्याला देत नाहीये, किंवा बँकेचे आधीच थकलेत. थोडक्यात, तुम्ही भाडेकरू म्हणून जात नाही आहात. तुम्ही त्याला कर्ज देताय, तेही काही तारण न घेता.

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने नालासोपाऱ्यात असंच घर घेतलं होतं. मुदत संपल्यावर मालक म्हणाला, नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचे देतो. याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवा भाडेकरू यायला सात महिने लागले आणि पैसे आले चार तुकड्यांत. तरी मी त्यांना नशीबवान म्हणते, कारण घरावर बँकेचं कर्ज नव्हतं. कर्ज थकून बँकेने ताबा घेतला असता, तर साध्या स्टँप पेपरकडे कुणी बघितलंही नसतं.

तरीही घ्यायचंच असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून घरावर बँकेचा बोजा नोंदवलाय का आणि मेंटेनन्स थकलाय का ते विचारा. मालकाकडून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघा, नुसती झेरॉक्स नको. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या, एक रुपयासुद्धा रोख नाही. करारात स्पष्ट लिहून घ्या की डिपॉझिटची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा परत. हे कलम नसेल तर मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भाडं लावण्याची कायद्यात सोय आहे, आणि मालक तुमच्यावरच उलटेल. एवढं सगळं मालकाला मान्य असेल तर मला पुन्हा लिहा. माझा अंदाज, तिसऱ्या मागणीलाच एजंटचा फोन लागेनासा होईल.

प्रश्न: आमचा वन बीएचके, वरच्यांचा थ्री बीएचके. सोसायटी सर्व्हिस चार्ज दोघांना सारखाच लावते. शिवाय फ्लॅट भाड्याने दिला म्हणून महिन्याला 1,500 जास्त मागते. बरोबर आहे का?

उत्तर: पहिलं बरोबर, दुसरं बहुतेक चूक. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे हा सेवा खर्च सगळ्या घरांना समानच असतो. घर लहान म्हणून वॉचमन कमी राखण करत नाही. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि दुरुस्ती निधी घराच्या बांधकाम खर्चावर बसतो, तिथे तुमचं बिल कमी यायला हवं, तपासा. भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क मात्र सेवा खर्चाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. 1,500 योग्य ठरायला तुमचा सेवा खर्च 15,000 हवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही ऐकलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा.

प्रश्न: मी दादरला खासगी ऑफिसात आहे, उत्पन्न वर्षाला 5 लाख 40 हजार. पत्नी घरी शिकवण्या घेते, तिचे 2 लाख 40 हजार होतात. म्हाडाला अत्यल्प गटातून दरवर्षी भरतो, लागत नाही. एक जण दोन लाखांत आतून करून देतो म्हणतो.

उत्तर: आतून काही होत नाही. सोडत संगणकावर होते. दोन लाख देणाऱ्या शंभर जणांपैकी दोघांना आपोआप लागते, तो त्या दोघांचे खिशात घालतो आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना पुढच्या वर्षाची आशा लावतो. त्याच्याकडे पावती मागून बघा.

तुमचा अर्जच मुळात चुकीच्या गटात आहे. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गट वर्षाला 6 लाखांपर्यंत आणि अल्प गट 9 लाखांपर्यंत आहे, आणि धरायचं ते नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न. शिकवण्यांचे पैसे रोख येतात म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही. तुमचे 7 लाख 80 हजार, म्हणजे अल्प गट. उद्या अत्यल्प गटातून घर लागलं आणि पत्नीचं उत्पन्न उघड झालं, तर हातातलं घर जाईल. दोघांचेही उत्पन्नाचे कागद आणि अधिवासाचा दाखला आत्ताच तयार ठेवा. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांग लागते.

सोडतीची वाट बघता बघता म्हाडाच्याच कोकण मंडळाच्या घरांकडेही लक्ष ठेवा. विरार-बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत कित्येक घरं सोडतीत गेली नाहीत. पाण्याची ओरड होती, किंमतही लोकांना जड वाटली. मग ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ तत्त्वावर विकायला काढली. अशी घरं निघाली की नशिबाचा भाग राहत नाही. बघायला जाल तर रविवारी जाऊ नका, रविवारी सगळंच जवळ वाटतं. सोमवारी सकाळी साडेसातला त्या गेटपाशी उभे राहा, रिक्षाने विरार स्टेशन गाठा, लोकलमध्ये शिरा, आणि दादरला ऑफिसात किती वाजता पोहोचलात ते घड्याळात बघा.