जुनी ट्यूबलाइट घरात फुटली तर खरंच विष पसरतं का?

माळ्यावरून काढताना जुनी चार फुटी ट्यूब बेडरूममध्ये फुटली, घरच्यांनी लगेच झाडून घेतलं, घरात रांगतं बाळ आहे, आता काय, असं तुम्ही विचारलंय. मी इमारतींची विजेची कामं करतो, ट्यूबा रोज हाताळतो, म्हणून लिहितो.

एका ट्यूबने घाबरून जाऊ नका. आत पारा असतो हे खरं, पण बारीक ट्यूबमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याच्या कितीतरी पट, तरी ताप बघायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये असतो त्यापेक्षा कमीच. गोम अशी की तो चकाकत्या थेंबासारखा दिसत नाही. बराचसा त्या पांढऱ्या भुकटीला चिकटलेला असतो आणि पुढे कित्येक दिवस वाफ होऊन हवेत येत राहतो. वाफेला रंग नाही, वास नाही, आणि बाळाचं नाक फरशीजवळ.

खिडक्या उघडा, एसी बंद ठेवा, दहा मिनिटं सगळे बाहेर थांबा. झाडूने भुकटी उडते आणि काड्यांतही अडकते, त्यामुळे तो झाडू आता घरात वापरू नका. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको. उरलेले तुकडे जुन्या लग्नपत्रिकेने गोळा करा, लाद्यांच्या सांध्यांतली भुकटी चिकटपट्टीने टिपून घ्या, शेवटी ओला कागद फिरवा. सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत. अंथरुणावर काच पडली असेल तर ती चादर मशीनमध्ये टाकू नका, फेकूनच द्या.

भुकटी जखमेत गेली तर जखम भरत नाही, असं जुने वायरमन सांगतात. ते अगदीच खोटं नाही. पूर्वी भुकटीत बेरिलियम हा विषारी धातू असायचा, १९४९ च्या सुमारास तो वापरणं बंद झालं. आज कापलं तर काच काढून जखम नीट धुवा.

मला खरी चीड येते ती आमच्याच लोकांची. ऑफिसातल्या ट्यूबा बदलल्या की टेम्पोत जागा कमी लागावी म्हणून पिंपात उभ्या करून दांडक्याने फोडतात. आत हवेचा दाब जवळपास नसतोच, त्यामुळे फट्‌कन आवाज होऊन काच उडते आणि शेकडो ट्यूबांची वाफ एकाच माणसाच्या तोंडावर येते. भंगारात टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी हेच चालतं. उरलेला माल कचरा डेपोवर जातो. तिथून पारा पाण्यात उतरला की जंतू त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विष करतात आणि ते माशांत साठतं. जपानच्या मिनामाटात १९५६ मध्ये उघड झालेला आजार याच विषाचा, तिथे ते कारखान्याच्या सांडपाण्यातून आलं होतं. त्या गावाच्या नावाने पाऱ्यावर जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात २०२३ साली ठरलं की २०२७ नंतर या ट्यूबा बनवायच्या किंवा आयात-निर्यात करायच्या नाहीत.

तुमची बरणी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आत काय आहे ते वर लिहून. तोवर ती गॅलरीत, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. माळ्यावर आणखी ट्यूबा असतील तर त्याही न फोडता, खोक्यासकट तिथेच द्या.