एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी वीज वाहणाऱ्या) केबलमध्ये दोन इन्सुलेशनच्या सीमेवर चार्ज का साठतो?

मूळ कारण असं: एसीमध्ये विद्युतक्षेत्र कसं वाटलं जाईल हे पर्मिटिव्हिटी (पदार्थाची विद्युत ऊर्जा साठवण्याची क्षमता) ठरवते, स्थिर डीसीमध्ये मात्र वाहकता. इन्सुलेशनमधूनही अगदी सूक्ष्म गळती चालूच असते. दोन केबल जोडणाऱ्या जॉइंटमध्ये केबलचं एक्सएलपीई (क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलीन) आणि जॉइंटचं ईपीडीएम (एक कृत्रिम) रबर एकमेकांना चिकटून बसतात. समजा रबराची वाहकता एक्सएलपीईच्या दहापट आहे. सुरुवातीला एका बाजूने सीमेपर्यंत जितका चार्ज येतो तितका पलीकडे जात नाही, फरक सीमेवरच तुंबतो. दोन्हीकडचा प्रवाह सारखा होईपर्यंत हे चालतं, आणि तोवर एक्सएलपीईमधलं क्षेत्र रबराच्या दहापट झालेलं असतं. दोन्ही पदार्थांचं पर्मिटिव्हिटी भागिले वाहकता हे गुणोत्तर जुळलं, तरच सीमा कोरी राहते.

पण वाहकता तापमान आणि क्षेत्र दोन्हींवर बदलते. त्यामुळे थंड केबलमध्ये जुळवलेलं गणित पूर्ण लोडवर बिघडतं. माझ्या मते खरी डोकेदुखी हीच.

ध्रुवता (प्लस-मायनस) उलटवली की धोका वाढतो. साठलेला चार्ज ओसरायला कित्येक तास लागू शकतात, व्होल्टेज मात्र लगेच फिरतं. मग आधी निवांत असलेल्या रबरावर अचानक मोठा ताण येतो. व्हीएससी कन्व्हर्टरमध्ये (एसी-डीसी रूपांतर करणारा एक प्रकार) शक्तीची दिशा बदलताना ध्रुवता बदलावी लागत नाही. एक्सएलपीई केबल तिथे जास्त वापरतात, त्याचं हे मोठं कारण.

सीमेवर अडकलेली हवा, धूळ किंवा ओरखडा असेल तर डिझाइन कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. जॉइंट करताना तो पृष्ठभाग जिवापाड जपा.