गाडीची कंपनी आणि घरची गादी

मोटार कंपन्यांच्या घराण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. तिसरं पत्र मोटारीपेक्षा सुट्या भागांच्या कारखान्याचं आहे. त्याचं उत्तर बरंच लांबलं, पण तिथे काटछाट केली नाही.

प्रश्न : दुसऱ्या हेन्री फोर्डने आजोबांची बुडती कंपनी वाचवली असं एकीकडे वाचतो, तर ली आयाकोकासारख्या नामवंत व्यवस्थापकाला काढणारा तो लहरी वारस होता असं दुसरीकडे. खरं काय धरायचं? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : दोन्ही खरं आहे, फक्त काळ वेगळे. वडील एडसेल १९४३च्या मे महिन्यात वारले, वय अवघं ४९. कंपनीत तेव्हा हॅरी बेनेट या सुरक्षाप्रमुखाची दहशत होती आणि म्हातारे आजोबा त्याच्याच कानाने ऐकत. आई आणि आजीने जोर लावला तेव्हा कुठे २१ सप्टेंबर १९४५ रोजी २८ वर्षांचा नातू अध्यक्ष झाला. त्याने पहिल्यांदा बेनेटला घरी पाठवलं. हिशेबाची अवस्था अशी होती, की एका विभागात देणी किती याचा अंदाज म्हणे बिलांचे गठ्ठे तराजूत टाकून बांधत! कोणती गाडी किती खर्चात पडते हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजोबांना हिशेबनीसांचा तिटकारा.

आपल्याला यातलं काही येत नाही, हे नातवाने ओळखलं. त्याचं सगळ्यात मोठं काम आमच्या मते हेच. १९४६ साली त्याने जनरल मोटर्सच्या गोटातून अर्नेस्ट ब्रीच या अनुभवी व्यवस्थापकाला आणलं आणि हवाई दलाच्या सांख्यिकी विभागातली दहा तरुण मंडळी एकगठ्ठा कामावर घेतली. रॉबर्ट मॅकनमारा त्यांतलाच. जून १९४८ मध्ये आलेल्या नव्या फोर्ड गाडीने कंपनी सावरली आणि जानेवारी १९५६ मध्ये शेअर पहिल्यांदा बाजारात आले.

पुढे गाडी घसरली ती याच ठिकाणी. त्याला 'नाही' म्हणू शकणारी माणसं हळूहळू संपली. ब्रीच कंपनी सोडून गेले, मॅकनमारा १९६१ मध्ये केनेडींच्या मंत्रिमंडळात गेले. जनरल मोटर्सच्या बंकी नुडसेनला १९६८ मध्ये वाजतगाजत अध्यक्ष म्हणून आणलं आणि दीड-एक वर्षात काढलं. जुलै १९७८ मध्ये आयाकोकालाही काढलं. पिंटो ही छोटी गाडी याच काळातली, १९७०ची. वजन २,००० पौंडांच्या आत, किंमत २,००० डॉलरच्या आत, अशी अट आणि त्यात घाई. पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्याही मागे बसवलेली. मागून धडक बसली की टाकी पुढे सरकून डिफरन्शियलच्या (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या) बोल्टवर फाटायची, शिवाय पेट्रोल भरायची नळी उपटून निघायची आणि गाडी पेट घ्यायची. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावून काय केलं? टाकी आणि डिफरन्शियलच्या मध्ये प्लास्टिकची ढाल बसवली आणि जास्त लांबीची नळी दिली. एवढं काम आठ वर्षं आधी का झालं नाही, हा प्रश्न एकट्या मालकाचा नाही, पण मालकाला वगळूनही सुटत नाही.

जाताना मात्र त्याने एक गोष्ट नीट केली. १९७९ मध्ये कारभार फिलिप कॉल्डवेल यांच्याकडे दिला. फोर्ड आडनाव नसलेले ते पहिले मुख्य कार्यकारी.

प्रश्न : फोर्ड घराण्याकडे शेअर नाममात्र, तरी कंपनी त्यांच्याच हातात कशी? आपल्याकडे हे चालतं का? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : घराण्याकडे 'बी' वर्गाचे सुमारे ७ कोटी शेअर आहेत. एकूण शेअरच्या तुलनेत ते दोन टक्क्यांच्या आसपास, पण मतं ४० टक्के. ही सोय १९५६ची. त्यातली खुबी पुढे आहे : 'बी' शेअर घराबाहेर विकला की तो साधा होतो, आणि ते सुमारे ६ कोटी ७ लाखांच्या खाली आले की घराण्याची मतं ४० वरून ३० टक्क्यांवर येतात. त्यामुळे एखाद्या चुलत भावाला पैशाची नड लागली, तर त्याचे शेअर घरातच कुणीतरी घ्यावे लागतात.

आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत उलटा प्रकार पाहिला असेल. टाटा मोटर्सने २००८ मध्ये 'ए' शेअर काढले होते : दहा शेअरमागे एक मत, बदल्यात लाभांश ५ टक्के-बिंदू जास्त. २०२४ मध्ये १० 'ए' शेअरना ७ साधे शेअर देऊन तो वर्ग गुंडाळला.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. वडिलांचे ६० टक्के, काकांचे ४०. आम्ही तीन भावंडं, कारखाना मी एकटाच पाहतो. वडील म्हणतात, तिघांना सारखं वाटून टाकू. काही चुकतंय का? (ठाणे)

उत्तर : प्रेम बरोबर आहे, गणित चुकतंय. १०,००० शेअर धरा. वडिलांचे ६,००० तिघांत वाटले की तुमच्याकडे २,००० म्हणजे २० टक्के, आणि काका ४,०००चे मालक, सगळ्यांत मोठे. तुम्ही रात्रपाळी सांभाळाल, मशीनच्या कर्जावर सही कराल आणि संचालक म्हणून राहायचं की नाही हे बाकीचे ठरवतील.

पैसा सारखा आणि मतं वेगळी, असं करता येतं. शेअरना कमी-जास्त मतं देण्यावर बंधन घालणारं कंपनी कायद्याचं कलम ४३ प्रायव्हेट कंपनीला ५ जून २०१५च्या अधिसूचनेने शिथिल झालं आहे, पण नियमावलीत (आर्टिकल्समध्ये) तसं लिहिलेलं हवं आणि वार्षिक हिशेबपत्रकं वेळेवर भरलेली हवीत. समजा, १,००० शेअरना प्रत्येकी १० मतं दिली. एकूण मतं १९,०००. ते १,००० आणि साधे १,००० तुमच्याकडे : ११,००० मतं, जवळपास ५८ टक्के. नफ्यातला वाटा मात्र २० टक्केच. भावंडांची प्रत्येकी २,००० मतं, काकांची ४,०००. विशेष ठरावाला ७५ टक्के लागतात, म्हणजे नियमावली बदलणं तुम्हाला एकट्याला जमणार नाही. काका एकटे २१ टक्क्यांवर अडवू शकत नाहीत, पण काका आणि एखादं भावंड मिळून ३१ टक्क्यांच्या वर जातात, ते अडवू शकतात. हा लगाम मुद्दाम ठेवा. पद सोडलं की १० मतांचे शेअर साधे होतील, हेही लिहून घ्या, नाहीतर पुढच्या पिढीत मतं एकाकडे आणि काम दुसऱ्याकडे, असं होईल.

आता अडचण. हा बदलही विशेष ठरावानेच होतो आणि वडिलांकडे ६० टक्केच आहेत. काकांची संमती लागणारच. दोघांचं बोलणं आहे तोवर हे उरका. ठराव झाल्यावर ३० दिवसांत एमजीटी-१४ हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरायचा. घरातल्या घरात स्टॅम्पपेपरवर केलेल्या करारावर विसंबू नका : शेअर हस्तांतरावरचं बंधन नियमावलीत नसेल तर कंपनीवर लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात स्पष्ट केलं आहे.

शेअर कागदी असतील तर एसएच-४ हा हस्तांतराचा फॉर्म सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे पोचला पाहिजे. 'छोटी कंपनी' या व्याख्येत बसत नसाल तर आधी डिमॅट. प्राप्तिकरात एक गंमत आहे : काकांनी पुतण्याला शेअर भेट दिले तर कर नाही, पुतण्याने काकांना दिले आणि किंमत ५०,०००च्या वर गेली तर काकांना कर. तेव्हा काकांशी अदलाबदल करायची असेल तर चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारा, सह्या नंतर.

हमखास राहून जातात अशा दोन गोष्टी. वडिलांची बँकेतली वैयक्तिक हमी शेअर दिल्याने सुटत नाही, बँकेकडून लेखी मुक्ती घ्यावी लागते. आणि प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असेल, तर भागधारणा बदलण्याआधी परवानगी आणि हस्तांतर शुल्काबद्दल त्यांच्या कार्यालयाला लेखी विचारा.

प्रश्न : प्रीमियरची पद्मिनी गेली ती वारसांमुळेच ना? (डोंबिवली)

उत्तर : एवढं सोपं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, ते १९५३ मध्ये गेले. पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला परवान्यांचा काळ आला. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. अशा बाजारात नवं इंजिन काढण्याची घाई कुणाला? १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर यांवर गाडी चालत राहिली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा स्पर्धा एकदम अंगावर आली. त्यावर उत्तर म्हणून आलेल्या ११८ एनई या गाडीला सांगाडा फियाटचा आणि इंजिन निस्सानचं. नव्वदीत तुमच्याच भागातल्या कारखान्यात प्यूजो ३०९ आणि कुर्ल्याला फियाट उनो, म्हणजे एकाच वेळी दोन परदेशी भागीदार. वारसांना दोष द्यायचाच असेल तर तो इथे देता येईल : स्वतःचं इंजिन आणि स्वतःचा आराखडा नसल्याने भागीदार निघाल्यावर हातात विकायला गाडीच उरली नाही. काळी-पिवळी पद्मिनी मात्र मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली, आणि ती उतरली टॅक्सीच्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे.